टपावरची चंदेरी डिश

ऑक्टोबर आला की मला शिसारी येते. लोक या महिन्याला नाकं मुरडतात ती उन्हामुळे. माझं तसं नाही. दिंडोरी रोडनं निघालं की दोन्ही अंगांना द्राक्षबागांची छाटणी चाललेली असते, काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात, आणि वेलावर उरलेल्या काड्यांच्या डोळ्यांना लावायच्या पेस्टचा उग्र वास थेट घशात उतरतो. डोळ्यांतून कोंब लवकर फुटावेत म्हणून लावतात ती. त्यात दसऱ्याच्या झेंडूचा वास मिसळला की संपलंच. माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण ते भुकेचं नव्हे. ओकारी यायच्या आधी सुटतं ते. बायको म्हणते, "पित्त झालंय तुम्हाला, आमसुलाचं सार पीत जा." मी निमूट पितो. पित्त नाही हे मला पक्कं माहीत आहे, पण हे तिला सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागेल.

माझा धंदा डिशचा. नव्वदच्या पुढेमागे नाशिकच्या सिडकोत केबल आली तेव्हापासून मी लोकांच्या गच्च्यांवर चढतो आहे. तेव्हाच्या डिश म्हणजे केवढं धूड! वारा सुटला की करकरायच्या, माकडं येऊन बसायची, आणि खालून केबलवाला बोंबलायचा, "आलं का चित्र? आलं का?" मी वरून दोन बोटं सरकवायचो आणि खाली एकदम गाणं सुरू व्हायचं. त्या क्षणाची मला चटक लागली होती, हे कबूल करायला लाज कसली. आकाशात न दिसणारी एक वस्तू आणि माझ्या हातातला पाना, दोघांची नजरानजर व्हायची.

ती चटक मला घेऊन गेली अंबडच्या एका कंपनीत. मालकांना आम्ही सगळे शेठ म्हणायचो. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती, जो तो इंटरनेटचं नाव घेत होता, आणि शेठच्या डोक्यात आलं की इंटरनेटची गाडी काढायची. मिनीबसच्या टपावर डिश, आत कॉम्प्युटर आणि कॅमेरा. डोंगरात जायचं, डिश उघडायची, आणि तिथला पेशंट नाशिकच्या डॉक्टरला पडद्यावर दाखवायचा. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो. वाईट वस्तूचा एवढा राग येत नाही माणसाला.

ती गाडी मी बांधली. लोकांना वाटतं टपावर डिश बसवणं म्हणजे कॅरिअरवर बॅग बांधण्यासारखं आहे. अहो, मिनीबसच्या टपाचा पत्रा पापडासारखा असतो. त्याच्यावर वजन टाकलं तर आज खोलगट होईल आणि पावसाळ्यात गळेल. म्हणून मी अँगलचे चार पाय काढून थेट चेसिसवर उतरवले, म्हणजे डिशचा भार पत्र्यावर यायलाच नको. शिवाय गच्ची हलत नाही, गाडी हलते. एक माणूस चढला की गाडी बसते, उतरला की उठते, आणि वर डिश केसभर हलली तरी उपग्रह हातचा जातो. त्यासाठी चारही कोपऱ्यांना जॅक लावून चाकांवरचा भार काढायचा. प्रवासात डिश टपावर पालथी झोपवायची, खाली रबर, वर पट्टा.

आणि वीज! पेठकडच्या डोंगरात तेव्हा लाईट म्हणजे पाहुणी. मागच्या बाजूला छोटा जनरेटर बांधला. पण जनरेटरची वीज झटके देणारी, नाजूक यंत्राला ती थेट दिली तर यंत्र गेलंच. म्हणून ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या, त्यांना जनरेटरनं भरायचं, आणि यंत्रानं प्यायचं ते बॅटरीचं, इन्व्हर्टरमधून. गाडी उभी केली की लोखंडी कांब जमिनीत ठोकायची, बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, तिला अर्थिंगची तार. हे सगळं मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन महिने मी त्या गाडीत राहिलो म्हटलं तरी चालेल. ड्रायव्हर रऊफभाई, भद्रकालीतले, पन्नाशीचा माणूस, मला चिडवायचे, "मियाँ, भाभी को बोलो, गाडी से निकाह हो गया तुम्हारा."

एक गोष्ट मात्र मला शिकवलेली होती. डिशचा रंग फिका, बिनचमकीचा असतो. तो मळका नसतो, मुद्दाम तसा असतो. डिश जशी उपग्रहाचा सिग्नल गोळा करून समोरच्या दांड्यावर बसवलेल्या छोट्या डबीत ओतते, तसंच ती ऊनही गोळा करेल, चमकली तर. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचे चार-सहा दिवस असे असतात की भर दुपारी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. केबलच्या काळात त्या दिवसांत दुपारी थोडा वेळ पडद्यावर नुसत्या मुंग्या यायच्या आणि बायका मला शिव्या घालायच्या. म्हणजे मला हे माहीत होतं. कुणी अडाण्याचं सोंग आणावं, मी आणू शकत नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी कंपनीत गेलो. गाडी धुतलेली, चाकांखाली लिंबं, पान्यांवर हळदकुंकू, सगळं रीतसर. आणि टपावर माझी डिश चंदेरी ऑईलपेंटमध्ये लखलखत होती. देवळाच्या रेलिंगला लावतात ना, तोच रंग. दोन हात मारले होते.

"शेठ, हे काय केलंत?" मी म्हणालो.

"कशी मळकट दिसत होती रे! उद्या पेठला पाहुणे येणारेत, फोटो निघणारेत. चमकायला नको?"

"नकोच चमकायला. ऊन गोळा होईल. खरवडून काढतो मी आत्ता."

"आज? खंडेनवमीला पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. वेडा का खुळा तू?"

मी आणखी एकदा बोललो. शेठचा चेहरा बदलला तेव्हा मिठाची गुळणी धरून गप्प बसलो. मनाशी म्हटलं, उद्याचं तपासणी शिबिर नऊचं आहे, बारापर्यंत आटपेल, सूर्य यायच्या आत आपण डिश झोपवून मोकळे. किती सोयीचं असतं हे मनाशी म्हणणं!

दुसऱ्या दिवशी सावळघाट चढून आम्ही पेठच्या अलीकडच्या एका गावात शाळेच्या मैदानावर पोचलो. मांडव घातलेला, कमान, खुर्च्यांना पांढरी पोती चढवावीत तशी कव्हरं, आणि पेढ्यांच्या खोक्यांवर माश्या. मी जॅक लावले, कांब ठोकली, डिश उठवली. पावणेदहाला सिग्नल आला. असा स्वच्छ सिग्नल मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. पडद्यावर नाशिकचे त्वचेचे डॉक्टर दिसत होते, चहा पीत होते. त्यांनी हात हलवला. मी हात हलवला. रऊफभाई म्हणाले, "वल्ला!"

तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर गाडीत आल्या. चाळिशीच्या, घाईघाईनं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "दादा, आधी माझी एक बाई घ्या. बाकीचे खरजेचे, नायट्याचे आहेत, ते थांबतील." त्यांनी खिडकीतून दाखवलं. मैदानाच्या कडेला उंबराखाली एक बाई एकटीच बसली होती, वीस-बावीस वर्षांची. तिच्या आसपास दहा हात कुणीही नव्हतं. जरा लांब एक म्हातारी कडेवर लहान मूल घेऊन उभी होती.

ती मंजुळा. भाद्रपदात सटाण्याकडच्या लवकरच्या छाटणीला नवऱ्याबरोबर गेली होती, पोर झाडाला झोळीत टांगून. तिथे बागेत उघड्या हातांनी पेस्ट लावली. हातांवर चट्टे उठले, पांढरे पडले, सोलले. गावात बभ्रा झाला, महारोग. नवरा पुढच्या छाटणीला निघून गेला. तिला गुरांच्या गोठ्यात झोपायला दिलं, ताटली वेगळी, आणि पाच महिन्यांचं पोर सासूनं काढून घेतलं.

"मला नाही वाटत महारोग आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण माझं कोण ऐकतं? डॉक्टरनं सांगायला पाहिजे, या सगळ्यांच्या देखत. तीन आठवडे झाले पोराला तिच्यापासून तोडून. अजून दूध येतंय तिला, पिळून मातीत टाकते. अजून थोडे दिवस असेच गेले तर आटून जाईल. जीपवाले बसवून घेत नाहीत, नाहीतर मीच नाशिकला नेली असती."

डॉक्टर पडद्यावर. बाई चाळीस पावलांवर. दोन मिनिटांचं काम. मी शेठकडे गेलो.

शेठ मांडवात फुलांच्या परडीवर देखरेख करत होते. म्हणाले, "उद्घाटनाआधी कसं सुरू करणार? पाहुणे फीत कापतील, मग पहिला पेशंट. पहिला पेशंट पाहुण्यांच्या हस्ते आत जाईल. आणि ती नको हं पहिली. फोटोत काय दिसेल ते!"

"नुसतं दाखवून घेतो, शेठ. कुणाला कळणार पण नाही."

"फीत आहे ना लावलेली दाराला? मग?"

खरंच, दाराला लाल फीत होती. आम्ही सकाळपासून पुढच्या दारानं, ड्रायव्हरच्या सीटवरून चढत-उतरत होतो. माझ्याच हातानं बांधलेल्या गाडीत मी चोरासारखा शिरत होतो, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं. आज कुठेही फीत दिसली की माझी जीभ कडू होते. भाच्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला मी पोट बिघडल्याचं सांगून घरी बसलो.

दहा वाजले, साडेदहा, अकरा. माईकवाल्यानं माझ्या इन्व्हर्टरमधून वायर ओढली, कारण लाईट गेली होती. त्या बॅटऱ्यांवर आता पंखा आणि भक्तिगीतं चालू होती. पडद्यावर डॉक्टर पेपर वाचत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "अहो, पेशंट?" मी म्हटलं, "येताहेत, सर." उंबराखाली मंजुळानं एकदा पदर छातीशी घट्ट धरला आणि पाठ फिरवून बसली. लांब ते पोर रडायला लागलं होतं. सासूनं त्याच्या तोंडात बाटली दिली. आम्ही सगळे हे बघत होतो आणि पेढे खात होतो. मीही खाल्ला. खव्याला आंबूस वास येत होता, तरी गिळला.

पाहुणे सव्वाबाराला आले. कोण होते ते सांगण्यात अर्थ नाही. असे पाहुणे ठिकठिकाणी असतात, आणि सगळ्यांच्या कपाळावर तोच घाम असतो. फीत कापली. नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्या जॅकवर उडालं. मग कुणाला तरी सुचलं की डिशलाही हार घालायचा. शिडी आणली. जरीची झालर लावलेला मोठा हार, झेंडूचा, त्या दांड्याच्या टोकाला, नेमका त्या डबीवर चढवला. मी ओरडलो, "तिथे नको!" पण माईकवर 'टाळ्या' म्हणून पुकारा झाला होता.

साडेबाराच्या सुमाराला हारातून धूर यायला लागला.

आधी कुणाला कळलंच नाही. बारीक निळसर धूर, सरळ वर जाणारा. एक म्हातारा म्हणाला, "उदबत्ती लावली का रं वर?" मग जरीनं पेट घेतला, ती वितळून थेंब थेंब खाली गळायला लागली, आणि त्या म्हाताऱ्यानं चक्क हात जोडले. त्याचं बघून आणखी चार जणांनी जोडले. फोटोवाला धडाधड फोटो काढत होता. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ते हसत उभे होते, एक हात उंचावून. मी शिडीवर चढलो, अंगातला शर्ट काढून डिशवर टाकला, हार ओरबाडून काढला. डबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी मेणासारखी ओघळून आत उतरली होती. खाली पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा अर्ध्यात थिजला आणि गेला.

शेठनं मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता चामडी सोलणार. ते म्हणाले, "फोटो आलेत ना नीट? मग झालं. बाकीचं बघू." आणि पाहुण्यांच्या गाडीत बसून जेवायला निघून गेले. मांडव दहा मिनिटांत ओस पडला. खुर्च्यांवर हारांची फुलं, खाली द्रोण, कुत्री. मला तिथेच भडभडून आलं, बोरीच्या झुडपाआड जाऊन मी ओकलो.

हा किस्सा मी पुढे खूप वेळा सांगितला. लग्नात, सहलीत, देवळालीला मेव्हण्याकडे जेवणं झाल्यावर. लोक हसून हसून लोळतात. "म्हातारा हात जोडून उभा!" म्हणून पुन्हा सांगायला लावतात. मी शेठची नक्कल छान करतो, पाहुण्यांचा उंचावलेला हात तर फारच छान. धूर, पेटलेली झालर, ओघळलेली टोपी, इथे मी थांबतो. लोकांना वाटतं किस्सा इथेच संपतो. मीही कधी पुढे गेलो नाही.

पुढे असं झालं, की सिस्टर शाळेच्या लँडलाइनवरून डॉक्टरांशी बोलून आल्या. धावतच आल्या. "डॉक्टर म्हणतात, न बघता कसं सांगू, पण तिला घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे, मी संध्याकाळपर्यंत दवाखान्यात आहे." आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मागे मंजुळा उभी होती. उंबराखालून उठून ती पहिल्यांदाच एवढी जवळ आली होती. तिनं हात पदरात लपवले होते, पण एक मनगट दिसत होतं. कातडी सोललेली, मध्ये ओली, आणि तिच्यावर एक माशी.

रऊफभाईंनी दार उघडलं होतं. "पीछे बिठा लेते हैं बाई को. नाशिक ही तो जाना है अपने को. शाम को बस में बिठा देंगे, मैं खुद बोलूँगा कंडक्टर को."

शेठ तिथे नव्हते. पाहुणे नव्हते. फीत कापून झाली होती. मला कुणी अडवणारं नव्हतं, आणि मी त्या माशीकडे बघत होतो. माझ्या पोटातून पुन्हा तेच वर आलं. दोन तास बंद गाडीत, घाटात, ती माझ्या मागे बसणार, तिचा हात त्या सीटला लागणार, उद्या मी त्याच सीटवर डबा उघडणार. हे सगळं मी एका क्षणात हिशेबानं बघितलं, आणि म्हणालो, "मागे बॅटऱ्या आहेत, सिस्टर. ॲसिडचं काम. बाईमाणसाला काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

आणि वायरची भेंडोळी उचलून मी मागच्या रिकाम्या सीटवर ठेवली.

सिस्टर शाळेकडे वळल्या. मंजुळा परत उंबराखाली गेली. वाटेत करंजाळी लागली. रऊफभाई आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, "वायर तो नीचे भी आ जाती थी." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शेठची मला शिसारी येत होती, पाहुण्यांची येत होती, त्या पेढ्यांची, टाळ्यांची. आणि त्या सगळ्यांत मी स्वतःला मोठ्या सफाईनं बाजूला बसवलं होतं. नाशिक येईपर्यंत मी मनातल्या मनात शेठला शंभर शिव्या दिल्या असतील. बरं वाटत होतं शिव्या देताना.

डबीचा भाग बाहेरून मागवावा लागला, तो दिवाळी झाल्यावर आला. चंदेरी रंग मी पॉलिशपेपरनं घासघासून काढला, बोटांची सालं निघाली. मग पुन्हा त्याच मैदानावर गेलो. यावेळी मांडव नव्हता, पाहुणे नव्हते, शेठही नव्हते. सिस्टरांनी मंजुळाला पहिली आत घेतली. मी कॅमेरा तिच्या हातांवर धरला. चट्टे बरेच सुकले होते. डॉक्टरांनी वाकून बघितलं, सिस्टरांना कापसानं, सुईच्या टोकानं हात लावून बघायला सांगितलं, तिला डोळे मिटून कुठे लागतं ते विचारलं. सगळीकडे लागत होतं. "पेस्टनं भाजलंय हे," डॉक्टर म्हणाले. "महारोग नाही. मुळीच नाही." सिस्टरांनी पडदा दाराकडे फिरवला आणि त्यांना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणायला लावलं. चार मिनिटं लागली असतील.

सासू रडली. तिनं तिथल्या तिथे पोर मंजुळाच्या मांडीत ठेवलं. पोरानं तिच्या तोंडाकडे बघितलं, अंग ताठ केलं आणि आजीकडे हात करून जो टाहो फोडला तो काही थांबेना. मंजुळानं पदराखाली घेऊन बघितलं. मग सिस्टरांकडे बघून मान हलवली. दूध आटलं होतं. सासूनं पोर उचललं तेव्हा ते गप्प झालं.

संध्याकाळी मी टपावर डिश झोपवून पट्टा आवळत होतो. ती खाली येऊन उभी राहिली. हात आता पदरात नव्हते.

"दादा, त्या दिशी गाडीत जागा नव्हती का वो?"

मी वरूनच म्हणालो, "नव्हती, बाई. सामान होतं सगळं."

"मंग बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा खरंच मोकळा झाला. "मला वाटलं, तुमाला बी माजी किळस आली. लय दिस मनात व्हतं. ईचारलं ते बरं झालं."

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ती घराकडे गेली.